अलर्ट डावलला म्हणजे डॉक्टर बेफिकीर, असं नाही

‘कॉम्प्युटरने इशारा दिला होता, डॉक्टरांनी तो न वाचताच बंद केला. इशारे वाढवा, सक्तीचे करा, चुका थांबतील.’ औषधाच्या चुकीची बातमी आली की हा मजकूर हमखास फिरतो.

डॉक्टर कॉम्प्युटरवर औषध लिहितात, तेव्हा धोका वाटला तर सॉफ्टवेअर इशारा (अलर्ट) दाखवतं, त्याबद्दल हे आहे. आधी ‘न वाचताच’चं बघू. २००६च्या एका आढाव्यात औषधांचे ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले जात असल्याचं आढळलं. कारण साधं आहे. कधीकाळी गोळीने मळमळ झाली, ती ‘ॲलर्जी’ म्हणून नोंदली गेली, की दर वेळी तोच पॉपअप येतो. पोटॅशियम वाढेल असा इशारा येतो, आणि त्याच रेकॉर्डमध्ये कालचा पोटॅशियमचा रिपोर्ट नॉर्मल असतो.

इशारे वाढवल्याने काय होतं, ते २०१३मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ रुग्णालयात दिसलं. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. सेप्ट्रा या अँटिबायोटिकची (आपल्याकडची सेप्ट्रान) १६० मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी १६० टाइप केलं, पण त्या रकान्यात एकक होतं मिलिग्रॅम प्रति किलो. प्रणालीने वजनाने गुणलं आणि ऑर्डर गेली साडेअडतीस गोळ्यांची. ओव्हरडोसचा इशारा डॉक्टरांना आला, फार्मासिस्टलाही आला. दिवसभरातल्या फुटकळ इशाऱ्यांसारखाच दिसणारा. दोघांनी तो बंद केला. नर्सने बारकोड स्कॅन केला, तर मशीनने ऑर्डर बरोबर असल्याचं सांगितलं, कारण बारकोड ऑर्डरशी जुळवतो, डोस योग्य आहे का ते पाहत नाही. मुलाला फिट आली. सुदैवाने तो वाचला. इथे इशाऱ्यांची कमतरता नव्हती. एककाचा रकाना चुकीचा उघडला, आणि जवळपास चाळीसपट डोस किरकोळ सूचनेच्या रूपात समोर आला.

मग सक्ती? वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) आणि को-ट्रायमॉक्साझोल (म्हणजे सेप्ट्रानच) एकत्र लिहिताच ऑर्डर अडवणाऱ्या इशाऱ्याची अमेरिकेत चाचणी झाली, ती २०१०मध्ये प्रसिद्ध झाली. असं एकत्र लिहिणं खरंच घटलं. पण चार रुग्णांचे आवश्यक उपचार लांबले आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. म्हणून सक्ती मोजक्या ठिकाणीच हवी. मेथोट्रेक्सेट हे औषध कॅन्सरखेरीज सांधेवातासारख्या आजारांत आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. कोणी रोजचं लिहिलं तर ऑर्डर अडलीच पाहिजे.

यावरून ‘इशारेच नकोत’ असा अर्थ काढणंही चूक. नव्या सॉफ्टवेअरसोबत आलेली, कोणती औषधं एकमेकांवर परिणाम करतात त्याची सगळी यादी चालू करू नका. ॲलर्जी नोंदवताना पुरळ, श्वास लागणं की नुसती मळमळ, हे वेगळं विचारा. किडनी कमजोर असल्यास डोस कमी करण्याचा इशारा ताज्या क्रिएटिनिनशी (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीशी) जोडा आणि त्यातच सुधारित डोसची ऑर्डर एका क्लिकवर द्या. दर महिन्याला डावललेल्या इशाऱ्यांची कारणं फार्मासिस्ट आणि डॉक्टरांनी एकत्र बसून वाचा. जो इशारा जवळजवळ दर वेळी योग्य कारणाने डावलला जातो, तो बंद करा किंवा त्याची अट बदला.