पेरोंनी बुशना पाडलं? १९९२चा हिशेब एकदा मांडूनच बघू

अमेरिकेतल्या निवडणुकीची चर्चा निघाली की एक दावा हमखास फिरतो: ‘१९९२ साली अब्जाधीश रॉस पेरो अपक्ष उभे राहिले नसते, तर तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष थोरले बुश आरामात पुन्हा निवडून आले असते. पेरोंनी १९ टक्के मतं खाल्ली आणि बुश हरले जेमतेम साडेपाच टक्क्यांनी.’ खुद्द बुश यांचंही पुढे हेच मत झालं होतं. आपल्याला तर हे लगेच पटतं. कोणी पडला की मतं कोणी खाल्ली, हेच आपण आधी विचारतो.

‘१९ टक्के हे साडेपाचपेक्षा कितीतरी जास्त.’ आहेत ना. पण ती सगळी मतं बुशच्या घरची होती, हे कोणी ठरवलं? जिंकलेले डेमोक्रॅटिक उमेदवार बिल क्लिंटन बुशपेक्षा सुमारे ५८ लाख मतांनी पुढे होते. पेरोंना मिळाली सुमारे १ कोटी ९७ लाख. हे सगळे मतदार पेरो नसतानाही मतदानाला आले असते असं धरलं, तरी नुसती बरोबरी साधायला बुशना त्यातली ६५ टक्के मतं लागली असती. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना तेव्हा विचारलंही होतं. पेरोंच्या मतदारांपैकी क्लिंटन आणि बुश यांच्याकडे वळणारे जवळपास सारखेच निघाले, प्रत्येकी ३८ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांतले बरेच जण मतदानालाच येणार नव्हते.

शिवाय अध्यक्ष ठरतो तो राज्यांच्या इलेक्टोरल मतांवर: प्रत्येक राज्याला ठरावीक मतं, बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला ती सगळी, आणि जिंकायला लागतात २७०. क्लिंटन ३७०, बुश १६८, पेरो शून्य. बुशना आणखी १०२ हवी होती. आता क्लिंटननी सगळ्यात कमी फरकाने जिंकलेल्या राज्यापासून सुरुवात करा आणि एकेक राज्य बुशच्या पारड्यात टाकत चला: जॉर्जिया, न्यू हॅम्पशायर, ओहायो, न्यू जर्सी, मोंटाना, नेवाडा, केंटकी, कोलोरॅडो, विस्कॉन्सिन, लुइझियाना. दहा राज्यं झाली तरी बेरीज २६४च. २७० ओलांडायला अकरावं टेनेसी लागतं, म्हणजे क्लिंटनचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार अल गोर यांचं स्वतःचं राज्य. तिथे क्लिंटन साडेचार टक्क्यांहून थोडे जास्तच पुढे होते आणि पेरोंना मिळाली होती फक्त १० टक्के. म्हणजे पेरोंच्या दर चार मतदारांतले जवळजवळ तीन बुशकडे यायला हवे होते. ओहायो कदाचित फिरलंही असतं, पण त्याची मतं २१.

‘पेरो टेक्सासचे उद्योगपती, म्हणजे मनाने रिपब्लिकनच.’ हे रिपब्लिकन आखाती युद्धाच्या विरोधात होते, गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने होते, बुश ज्यासाठी झटत होते त्या नाफ्ता (उत्तर अमेरिकेतल्या मुक्त व्यापाराच्या) कराराविरुद्ध प्रचार करत होते आणि सरकारी तूट भरून काढायला पेट्रोलवर कर वाढवा म्हणत होते!

यापेक्षा वजनदार युक्तिवाद वेगळाच आहे: पेरोंनी मतं खाल्ली नसतील, पण महिनोन् महिने तुटीवरून झोडपून बुशना खिळखिळं केलं. यात तथ्य आहे. अर्ध्या अर्ध्या तासाची टीव्हीची वेळ विकत घेऊन, हातात तक्ते धरून सरकारी कर्जावर बोलणारा उमेदवार लोकांनी त्याआधी पाहिला नव्हता. पण याची परीक्षा त्याच वर्षी झाली. १६ जुलैला, डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, पेरोंनी माघार घेतली आणि ते परतले थेट १ ऑक्टोबरला. अडीच महिने मैदानात दोघंच. दावा खरा असता तर बुश तिथेच उसळी मारून वर यायला हवे होते. झालं उलटं. जूनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर असलेले क्लिंटन गॅलप संस्थेच्या जनमत चाचणीत बुशच्या वीसहून अधिक टक्क्यांनी पुढे गेले. ऑगस्टमधल्या रिपब्लिकन अधिवेशनानंतर अंतर घटलं, पण आघाडी क्लिंटनचीच राहिली.

‘क्लिंटनना ५० टक्केही मिळाले नाहीत’ हे खरंच आहे. निम्म्याहून जास्त मतं त्यांना फक्त आर्कान्सा आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये मिळाली. पण त्यावरून बुश जिंकले असते असं कसं निघतं?

बुशचं घर आतूनच पोखरलं होतं. आखाती युद्धानंतर ८९ टक्क्यांवर गेलेली त्यांची लोकप्रियता १९९२च्या उन्हाळ्यात ३० टक्क्यांच्याही खाली आली. बेरोजगारी ७.८ टक्क्यांवर पोचली. ‘नवे कर नाहीत’ हे १९८८चं वचन त्यांनी १९९०मध्ये मोडलं, ते पक्षातले लोक विसरले नव्हते. १८ फेब्रुवारी १९९२ला न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक फेरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) बुशना पक्षातूनच आव्हान देणाऱ्या पॅट ब्युकॅनन यांनी विद्यमान अध्यक्षाविरुद्ध ३७ टक्के मतं घेतली. ती मतं देणारे रिपब्लिकन फेरीतलेच मतदार होते. पेरो लॅरी किंगच्या टीव्हीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात ‘उभा राहीन’ म्हणाले ते त्यानंतर, २० फेब्रुवारीला.