प्रत्येक चिनी ऑपेरा एरहूवर चालत नाही

एरहू या दोन तारांच्या चिनी गजवाद्याच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली एकच मजकूर फिरत असतो. त्यात म्हणतात की हे पाच हजार वर्षांचं वाद्य आहे, सगळ्या चिनी ऑपेरांत तेच मुख्य असतं, गायकाची चाल मागून वाजवणं एवढंच त्याचं काम, आणि त्यातून दुःखाशिवाय काही निघत नाही. चारही गोष्टी चूक आहेत, दुसरी तर पार चूक.

आधी वय. या घराण्याचं पूर्वज मानलं जाणारं शीछिन हे वाद्य चेन यांगच्या संगीतकोशात इ.स. 1100च्या सुमारास भेटतं, तेही उत्तरेकडच्या शी लोकांचं म्हणून. ते घोड्याच्या केसांच्या गजाने नव्हे, दोन तारांमध्ये बांबूची पट्टी घासून वाजवत. आजच्या एरहूच्या पोलादी तारा तर 1950नंतर रुळल्या. त्याआधी रेशमाच्या होत्या.

आता मुख्य वाद्य. पेकिंग ऑपेरात पुढारी असतं ते जिंगहू, एरहूच्याच घराण्यातलं पण बांबूच्या छोट्या नळीचं, टोकदार आवाजाचं. एरहू तिथे 1920च्या दशकात नामवंत नट मेई लानफांग यांच्या वादकांनी आणलं, ते जिंगहूला खालून भरणा द्यायला. हनान आणि शान्शीकडच्या ऑपेरांत पानहू लागतं: त्याच्या तोंडावर अजगराचं कातडं नाही, पातळ लाकडी फळी असते, म्हणून आवाज कडक आणि लांब पोचणारा. कँटनी संगीतासाठी लू वनछंग यांनी 1920च्या दशकात एरहूला पोलादी तार लावून सूर चढवला आणि गाओहू घडवलं. खुनछू या ऑपेराप्रकारात बासरी पुढे असते. सछ्वानच्या गाओछियांग गायकीत तर तंतुवाद्यच नाही. तालवाद्यं आणि मागून साथ देणारा समूह, बस्स. प्रत्येक प्रांताने आपल्या बोलीला आणि गळ्याला मानवेल असं वाद्य निवडलंय.

एरहू खरोखर मुख्य आहे ते यांगत्झी नदीच्या खालच्या खोऱ्यात, उदाहरणार्थ वूशी आणि छांगचौच्या शीजू ऑपेरात. मऊ वू बोलीत गाणं असतं, त्याला एरहूचा गोल आवाज शोभतो. एरहूला देशभर एकल वाद्याचा मान मिळवून देणारे लिऊ थिएनहुआ वूशीशेजारच्या जियांगयिनचेच. एका प्रदेशाचं वाद्य गेल्या शंभर वर्षांत राष्ट्रीय झालं, आणि आपण मात्र ते पहिल्यापासून सगळ्यांचंच होतं असं धरून चालतो.

चाल मागून वाजवण्याबद्दल थोडक्यात. गायक आणि एरहू एकच चाल धरतात, पण दोघांच्या हरकती वेगळ्या. गायक श्वास घेतो तिथली जागा एरहू भरतो, गाण्याआधीचा तुकडा वाजवून सूरही तोच देतो. संगीत नाटकातल्या ऑर्गनवाल्याला हे सांगावं लागणार नाही.

राहिलं दुःख. ही ख्याती मुख्यतः वूशीच्याच आबिंगमुळे. रस्त्यावर वाजवणाऱ्या या अंध कलावंताच्या सहा रचना 1950मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या, तीन एरहूच्या आणि तीन फीफा या छेडून वाजवायच्या तंतुवाद्याच्या. त्याच वर्षी तो गेला. त्याची एक एरहूरचना इतकी गाजली की लोकांनी वाद्यालाच उदास ठरवलं. पण लिऊ थिएनहुआ यांनी 1931मध्ये याच वाद्यासाठी कूचगीताच्या ठेक्यावर रचना केली होती. आणि शीजूच्या 'मोत्यांचा मनोरा' या नाटकात दारी आलेल्या गरीब भाच्याला आत्या घालूनपाडून बोलते, तेव्हा तिच्याही साथीला एरहूच असतो.