शनवार शुक्रवारीच लागतो

इस्राएलातल्या दिमोन्याच्या आजींनी शुक्रवारी रात्री जेवायला बोलावलं होतं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं घर, नारळाच्या रसातली मच्छी आणि पोटभर मराठी. बेरशेव्यात सहा महिने हुम्मुस खाऊन वैतागलेला मी साडेतीनलाच स्टॉपवर हजर. डिसेंबरचे दिवस. स्टॉपवर मी आणि एक मांजर.

शेवटची बस गेली होती. ज्यूंचा शनिवार, म्हणजे शब्बात, शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो, आणि बस त्याच्याही आधी बंद. पुढची उद्या, अंधार पडल्यावर.

आजींना फोन लावला. "अरे, शुक्रवारी घड्याळ बघून निघतात का? सूर्य बघून निघायचं! मी आता दिवे लावणार, मग फोन उचलायची नाही. ये कसा येतोस तो." ठेवला.

मग मांजराच्या साक्षीनं मी गुन्हेगार शोधायला घेतला. पहिला संशयित बेन-गुरियन, इस्राएलचा पहिला पंतप्रधान. गृहस्थ स्वतः धर्मकर्मातला नव्हे. पण जून 1947 मध्ये अगुदात इस्राएल या कर्मठांच्या पक्षाला पत्र गेलं, त्यावर यांची सही: शनिवार सुटीचा, सरकारी स्वयंपाकघरं कोशेर, म्हणजे धर्माला चालतील अशी, लग्नाचे मामले धर्माप्रमाणे, शिक्षणात ढवळाढवळ नाही. राज्याचा मुहूर्त अजून लांब होता, देण्याघेण्याची बैठक आधीच उरकली.

पुढचं गणित महाराष्ट्रातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. संसदेत जागा 120. निवडणुकीत एकट्यानं 61 आजवर कुणालाच मिळालेल्या नाहीत. 2022 मध्ये शास आणि युनायटेड तोरा या दोन कर्मठ पक्षांच्या मिळून 18 आल्या. अठरा! आपल्याकडे तीन अपक्ष हॉटेलात बसले की राज्य हलतं.

1976 च्या डिसेंबरात अमेरिकेची एफ-15 विमानं अशीच शुक्रवारी उतरली. स्वागत लांबलं, शनिवार मोडला म्हणून अविश्वास ठराव आला. सरकारातल्याच धार्मिक पक्षाचे मंत्री तटस्थ राहिले, पंतप्रधान राबिननी त्यांना काढलं आणि स्वतःही राजीनामा दिला. विमानांना उशीर झाला तर सरकार जातं, मला झाला तर बस. माझं स्वस्तात सुटलं म्हणायचं.

आजींचं दुखणं निराळं. कोकणात त्यांचे वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. ना कायदा, ना मंत्री. एवढं पाळून इथं आल्या, तर साठच्या दशकात लग्नाच्या वेळी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, विचारतात, तुम्ही नक्की ज्यू ना? धरणं धरलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये निवळलं. "सासरच्यांनी नाही तपासली एवढी माझी वंशावळ रब्बींनी तपासली," असं त्या अजून सांगतात. ज्यूंची लग्नं आजही रब्बींच्याच हातात. ज्यांना ते नको ती पोरं सायप्रसला जाऊन लग्न करून येतात, आणि हेच सरकार त्याची मुकाट नोंद करतं. हैफात तर ब्रिटिशांच्या काळापासून शनिवारी बस धावतात. मी मात्र हैफात नव्हतो.

शेवटी एक बेदुइन टॅक्सीवाला थांबला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मांजरसुद्धा उठून गेलं.

"एवढे?"

"शब्बातचा दर."

मी पश्चिमेकडे बोट दाखवलं. सूर्य चांगला हातभर वर होता.

"बस बंद झाली ना?" तो म्हणाला. "मग लागला शब्बात."