मासे धरतो म्हणून कोकणातून आलो? कसं काय बुवा!

चार दिवस झाले, भावकीच्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरायलंय. म्हणे मराठवाड्यातले सगळे भोई-कोळी मूळचे कोकण किनाऱ्यावरचे, आडनावावरून मूळ गाव निघतं, निजामाच्या काळातला कागद काही उरलाच नाही, तर सरळ डीएनए टेस्ट करा. माझ्या मामेभावानं अलिबागचं लॉजसुद्धा बघून ठेवलं, म्हणून लिहायलो.

पहिलं किनाऱ्याचं. मासे धरायला समुद्रच लागतो का? आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतेत, तिच्या काठानं पैठण, गंगाखेड, नांदेडपर्यंत भोयांची घरं हायेत, मरळ धरायची, पुराच्या दिवसात नावेनं माणसं पल्याड सोडायची, पालखी उचलायची, हे आमचं काम. आन कोळी म्हणजे काय एकच जात हाय का? किनाऱ्यावरचे सोनकोळी वेगळे, जुन्नर आन नगरकडच्या अकोले भागातल्या डोंगरातले महादेव कोळी वेगळे (ते अनुसूचित जमातीत, सोनकोळी नाहीत), आन गावगाड्यात पाणी भरणारा बलुतेदार, तोही कोळीच.

आडनावाचं तर सोडाच. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या, नाखवा म्हणजे होडीचा मालक, हे हुद्दे झाले, गावं नव्हं. त्यापेक्षा घरातल्या म्हातारीला विचारा की सुतक कुणाकुणाचं धरायचं, माझ्या आत्यानं एवढ्यावरच तीन गावांतली भावकी जोडून दिली.

कागद नाहीत हे मात्र साफ खोटं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती बसली, ती मराठवाडा फिरली, हैदराबादचं दप्तरही बघितलं, कागद नसते तर काय वाचत होती? अडचण अशी की १९४८ पर्यंतचा बराच कारभार उर्दूत. आमच्या आजोबाच्या शाळेचं रजिस्टर सापडलं, किडे लागलेलं, पानं एकमेकाला चिकटलेली, त्यात साल १३४४. मामेभाऊ म्हणला, आजोबा काय देवगिरीचे यादव बुडाल्यावर लगेच शाळेत गेले का? अरे बाबा ते निजामाच्या कारभारातलं फसली साल, त्यात ५९० मिळवायचे, १९३४ निघतं. आम्ही 'भोई' शोधून शोधून थकलो, शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी बापाच्या धंद्याच्या रकान्यावर बोट ठेवलं आन वाचलं, 'माहीगीर'. म्हणजे मासे धरणारा. तो शब्द आमच्यापुढं तासभर उघडा पडला होता!

शेती असेल तर १९५४-५५ चं खासरा पत्रकही (जमिनीची जुनी नोंद) तहसीलमधून काढा.

राहिली डीएनए टेस्ट. ती कंपनीकडं जमलेल्या लोकांशी तुमचं किती जुळतंय एवढंच सांगती, पणज्याचं गाव नाही सांगत. आन जात पडताळणीला भोयांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, तिथं थुंकीची नळी घेऊन गेलात तर बाबू चहा पाजून परत धाडल.

मामेभावाला म्हणलं बुकिंग राहू दे, बोंबील खाऊन येऊ.