‘आमच्याकडे पेपर हातानेच लिहितात’

महाराष्ट्रातल्या प्राध्यापक मित्रांशी फोनवर बोलणं झालं की हल्ली एक वाक्य हटकून कानावर येतं. ‘एआयने तुमच्या अमेरिकेत धुमाकूळ घातला असेल, आमच्याकडे पोरं पेपर हातानेच लिहितात.’ आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर बारावीचा निकाल लागला की दुसरं, ‘आता आर्ट्सला जाऊन करायचं काय? निबंध तर यंत्रच लिहून देतं.’ पहिल्यात निर्धास्तपणा आहे, दुसऱ्यात घबराट. मला दोन्ही चुकीच्या जागी वाटतात.

मी इथल्या एका सरकारी विद्यापीठाच्या लेखन केंद्रात काम करतो. विद्यार्थी आपला कच्चा मसुदा घेऊन येतात, अर्धा तास शेजारी बसतात, आम्ही त्यावर बोलतो. दुरुस्त्या करून देणं हे आमचं काम नाही, प्रश्न विचारणं आहे. २०२२च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि वर्षभरात या खुर्च्यांवरचं बोलणंच बदललं. आधी मुलं विचारायची, ‘हे नीट पोचतंय का?’ आता विचारतात, ‘हे मीच लिहिलंय हे सरांना पटेल का?’

त्यांची भीती पोकळ नाही. यंत्राचं लेखन ओळखणारी सॉफ्टवेअर्स विद्यापीठांनी घाईघाईने घेतली. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने काढलेलं असं साधन, त्यांच्याच आकड्यांनुसार, यंत्राच्या लेखनापैकी जेमतेम २६ टक्के पकडायचं आणि माणसाच्या लेखनापैकी ९ टक्क्यांवर उगाच शिक्का मारायचं. जुलै २०२३मध्ये त्यांनी ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात साधनांतून काढले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे हे निबंध सरासरी ६१ टक्के वेळा ‘यंत्राचे’ ठरले. म्हणजे सोपे शब्द आणि साधी, पाठ झालेली वाक्यरचना वापरणारा आपला विद्यार्थी आधी संशयात. निलंबन झालं तर त्याच्या व्हिसावरच गदा. म्हणून भारतातून आलेली मुलं माझ्यासमोर लॅपटॉप उघडून आधी फाइलचा इतिहास दाखवतात: हे रात्री दहाला लिहिलं, हे साडेअकराला खोडलं. शिक्षण चाललंय की जबानी, असा प्रश्न पडतो.

मग अनेक प्राध्यापकांनी निळ्या मुखपृष्ठाच्या जुन्या उत्तरपुस्तिका पुन्हा बाहेर काढल्या. वर्गात बसा, पेन घ्या, लिहा. मित्र म्हणतो ते या अर्थाने खरं: फिरून फिरून अमेरिका आमच्याच भोपळे चौकात आली.

पण या पुस्तिकेत काय मावत नाही, याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निबंध वाचला. विषय भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. विद्यार्थी भीमराव आंबेडकर. त्यात ते सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर (होय, आपले ज्ञानकोशकार) यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवतात. केतकरांना मोकळेपणाने श्रेय देतात आणि मग त्यांनाच अडवतात. केतकर जातीची दोन लक्षणं सांगतात: बाहेर लग्नाला बंदी आणि सदस्यत्व फक्त जन्माने. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेतच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. लग्नाला बंदी घातली की बाहेरून आत येण्याची वाट आपोआप बंद होते. निबंधाचा पुढचा सगळा डोलारा या एका हरकतीवर उभा आहे.

तीन तासांच्या पेपरात हे होत नाही. त्याला महिनोन्महिने ग्रंथालय लागतं, चार लेखकांशी मनात भांडण लागतं आणि शेवटी खोलीत बसलेली, उलट विचारणारी माणसं लागतात. आज कुणी म्हणेल, त्या चार व्याख्यांची तुलना यंत्र मिनिटभरात करून देईल. देईलच, आणि तक्ताही नीटनेटका देईल. मात्र त्या विद्यार्थ्याला तुलना नको होती, त्याला हरकत घ्यायची होती. ती सुचते वाचताना कुठेतरी खटकल्यावर. खटकण्याआधीच तक्ता हातात आला तर?

हे मी रोज पाहतो. मागच्या सत्रात इतिहासाची एक विद्यार्थिनी आली होती. विषय, कारखाने बंद पडून ओस पडलेली गावं. दोन इतिहासकारांची तुलना करायची होती. मसुदा गुळगुळीत, शेवटी निष्कर्ष: दोन्ही दृष्टिकोनांत तथ्य आहे. मी विचारलं, तुला स्वतःला कुणाचं पटलं? ती एकदम तापली. पहिला माणूस कारखाना बंद होणं अटळ होतं म्हणतो, तिचे आजोबा तशाच एका कारखान्यात होते आणि मालकाने यंत्रसामग्री आधीच दुसरीकडे हलवली होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पाच मिनिटं ती थांबेना. मग हे निबंधात का नाही? तर म्हणाली, आराखडा चॅटबॉटकडून घेतला होता, त्यात यासाठी जागाच नव्हती.

तिने कॉपी केली नव्हती. दोन्ही पुस्तकं वाचली होती, वाक्यं तिची होती. कुठलंही सॉफ्टवेअर तिला पकडणार नाही आणि पकडूही नये. तिचं मत तेवढं गेलं होतं. एआयचा सगळा वाद कॉपीच्या नावाने चालतो, म्हणून हे नुकसान कुणाच्या हिशेबात येत नाही.

तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर झालेला गणिताचा प्रयोग इथे आठवतो. सरावात साधा चॅटबॉट मिळालेल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती मुलं, चॅटबॉट कधीच न मिळालेल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. उत्तर न देता फक्त पुढची दिशा सुचवणारं यंत्र ज्यांना दिलं होतं, त्यांचं हे नुकसान बऱ्याच अंशी टळलं. गणित आणि इतिहास एक नव्हेत, मान्य. तरी उत्तर देणं आणि दिशा सुचवणं यातला फरक कुठल्याही शिक्षकाला नव्याने सांगावा लागणार नाही.

आता आपल्याकडचा निर्धास्तपणा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा दाखला देत बहुविद्याशाखीय शिक्षणाची भाषा करतं. त्यातून मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, आले, क्षेत्रीय प्रकल्प आले, त्यांचे श्रेयांक आले. गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर पदवी मिळवणाऱ्या बी.ए.च्या मुलाला गावातली पाणीवाटपाची भांडणं स्वतः विचारून, स्वतः लिहून काढायची संधी बहुधा पहिल्यांदाच मिळत होती. नेमका तोच प्रकल्प आता चॅटबॉटकडून लिहून, स्पायरल बाइंडिंग करून जमा होतो. हाताने लिहायचा पेपर शाबूत आहे, कारण त्यात फारसा विचार आधीही करावा लागत नव्हता. कुंपण आहे, पण चुकीच्या शेताला.

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलाला इंग्रजी संदर्भग्रंथातलं पान रात्री अकरा वाजता मराठीत समजावून देणारं कुणी मिळालं असेल, तर ते हिसकावून घ्या म्हणणारा मी नव्हे. पूर्वी ही सोय फक्त प्राध्यापकांच्या मुलांना होती. वाचायला मदत घ्यावी. स्वतःला काय वाटतं, हे मात्र यंत्राला विचारू नये.

आणि ही साधनं मुलांच्या हाती येणारच. भारतातल्या विद्यार्थ्यांना गूगलने २०२५मध्ये आपल्या जेमिनी या चॅटबॉटची सशुल्क आवृत्ती वर्षभर फुकट देऊ केली, ओपनएआयनेही चॅटजीपीटीची स्वस्त योजना भारतात वर्षभर मोफत केली. इकडे कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या २३ संकुलांतल्या साडेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांसाठी चॅटजीपीटी घेतलं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने तर त्याआधीच, २०२३मध्ये, २८ पदवी विषय बंद करायचा निर्णय घेतला होता, त्यात परदेशी भाषाही होत्या. यंत्राला पैसा आहे, माणसाला नाही, हे दोन्ही देशांत सारखंच.

उपाय अवघड नाही, महाग आहे. प्रकल्प जमा झाला की मुलाला समोर बसवून दहा मिनिटं विचारा: कुणाशी बोललास, काय ऐकून आश्चर्य वाटलं, हे वाक्य इथे का? आपल्याकडे तोंडी परीक्षा नवीन नाही, पण बऱ्याच ठिकाणी ती नाव-गाव विचारून उरकते. एकशे वीस मुलांचा वर्ग धरला तर दहा-दहा मिनिटांचे वीस तास होतात. ते कोण देणार? तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे, आणि तो तीन कॉलेजांत धावत असतो. इथल्या कंत्राटी शिक्षकांचीही गत हीच, फक्त धावायला मोटार आहे.

म्हणून एआयचा अभ्यासक्रम आणा, एआयवर बंदी घाला, असल्या मागण्यांऐवजी हे वीस तास अधिकृत कार्यभारात धरा, ही मागणी लावून धरायला हवी. प्रश्न मराठीत विचारायचे की इंग्रजीत, बाहेरचा परीक्षक बोलवायचा का, प्रकल्प गटाने केला असेल तर आधी कुणाला बोलतं करायचं, हे महाविद्यालयं आपापलं बघतील.