प्रेक्षकाचा श्वास रोखला जाऊ नये म्हणून

थरारपट काढण्याचे आपण मनावर घेतलेत, हे ऐकून आनंद झाला. निर्माता मिळाला आहे, कोकणातला पडका वाडा भाड्याने ठरला आहे आणि पटकथेच्या आधी धूर सोडण्याचे यंत्र ठरले आहे, म्हणजे कामाचा क्रमही योग्यच आहे. आता काळजी एकाच गोष्टीची घ्यायची: ऐन प्रसंगात प्रेक्षकाच्या छातीत खरोखर धडधड होऊ नये. तिकीट काढून आपल्या दारी आलेल्या माणसाचा जीव टांगणीला लावणे पाहुणचाराच्या कोणत्याच रीतीत बसत नाही.

यासाठी सर्वांत मोठे पथ्य असे की, प्रेक्षकाला आधी काहीही कळू देऊ नये. थरारपटांचे नामवंत दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत नेमका उलटा सल्ला दिला आहे. त्यांचे म्हणणे असे की, दोन माणसे टेबलाशी गप्पा मारत असताना खालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षक १५ सेकंद दचकतो. पण बॉम्ब एक वाजता फुटणार आहे आणि घड्याळात आत्ता पाऊण वाजला आहे हे त्याला ठाऊक असेल, तर त्याच निरर्थक गप्पा तो १५ मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. आपण १५ सेकंदांवर समाधान मानावे. बॉम्ब फोडावा, टेबल उडवावे आणि तो कोणी ठेवला हे नंतर फ्लॅशबॅकमध्ये सावकाश सांगावे. तोवर मरणारे मरून गेलेले असल्यामुळे कोणाची काळजी वाटण्याचा प्रश्नच उरत नाही.

या गृहस्थांची खोड पुरती ओळखायची असेल, तर 'नटोरिअस' (१९४६) या चित्रपटातली मेजवानी पाहावी. कॅमेरा वरच्या मजल्यावरून सारा दिवाणखाना नजरेत घेतो, मग संथपणे खाली उतरत उतरत नायिका इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीतल्या इवल्याशा किल्लीवर येऊन थांबतो. ती किल्ली तळघरातल्या मद्यकोठाराची असून तिने ती नवऱ्याच्या जुडग्यातून चोरली आहे, हे आपल्याला माहीत असते. पुढे ती आणि नायक कॅरी ग्रँट तळघरात शोधाशोध करत असताना वर काय घडते म्हणाल, तर काहीच नाही. पाहुणे शँपेन पितात. फक्त बर्फात ठेवलेल्या बाटल्या एकेक करून कमी होत जातात, आणि त्या संपल्या की आणखी आणण्यासाठी कोठार उघडावे लागणार. पंगत अर्धी उरली असताना जिलब्या संपत आल्याचे कानावर पडलेल्या वधूपित्याच्या पोटात जो गोळा येतो, तोच इथे प्रेक्षकाच्या पोटात येतो. ना पिस्तूल, ना पाठलाग, नुसत्या बाटल्या मोजायच्या. याला का दिग्दर्शन म्हणायचे? आपल्या नायिकेने किल्लीच्या फंदात न पडता दाराला लाथ घालावी. कॅमेरा वरून खाली आणण्याची हौस असल्यास ड्रोन आहेच, आणि त्याने खाली येऊन कशावर तरी थांबलेच पाहिजे असे बंधन नाही.

पार्श्वसंगीताच्या बाबतीत तर कंजुषी नकोच. हिचकॉक यांच्याच 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये शाळेबाहेरच्या बाकावर नायिका टिपी हेड्रन सिगारेट ओढत बसलेली असते, वर्गातून मुलांचे गाणे ऐकू येत असते आणि तिच्या पाठीमागे, मुलांच्या खेळण्याच्या लोखंडी सांगाड्यावर, एक कावळा येऊन बसतो. मग आणखी काही येतात. यानंतर कॅमेरा तिच्यावरच रेंगाळतो. अखेर एका उडत्या कावळ्याचा माग घेत ती वळते, तेव्हा सांगाडा कावळ्यांनी काळा झालेला असतो. त्या अख्ख्या चित्रपटाला रूढ अर्थाचे पार्श्वसंगीतच नाही. आपण पहिल्या कावळ्याला ढोल, दुसऱ्याला तुताऱ्या आणि तिसऱ्याला समूहस्वर लावावा, म्हणजे प्रत्यक्ष हल्ल्यापर्यंत प्रेक्षकाचे कान बधिर होतील. शिवाय कावळ्याची वाट पाहत श्वास रोखणे हा अनुभव आपल्या लोकांनी पिंडदानाच्या वेळी घाटावर फुकट घेतलेला असतो. त्यासाठी ते तिकीट कशाला काढतील?

भराभर कट घेण्याबाबत मात्र त्यांच्या 'सायको'चे (१९६०) अनुकरण करण्याचा मोह आपल्याला होईल. ते अर्धवटच करावे. न्हाणीघरात एका बाईवर सुरीने होणाऱ्या, मिनिटभराच्याही आतल्या त्या हल्ल्याचे चित्रीकरण सात दिवस चालले होते, आणि त्याआधी न्हाणीघरात पाणी पडत राहते, ती बाई निवांत अंग धुते, हे सारे पुरेशा संथपणे दाखवले आहे. त्या शांततेमुळेच पुढचे तुकडे सुरीसारखे लागतात. आपण चहा ओतण्याच्या दृश्यातही सेकंदाला दोन कट घ्यावेत, म्हणजे हल्ला सुरू झाला हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

'जॉज'च्या (१९७५) वेळी दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असे, म्हणून बिचाऱ्यांना बराच काळ पोहणाऱ्यांचे पाय आणि संगीतकार जॉन विल्यम्स यांचे दोन सूर एवढ्यावरच भागवावे लागले. आपले भूत संगणकावर तयार होते. ते बिघडत नाही. तेव्हा ते पहिल्या दहा मिनिटांत नखशिखान्त दाखवावे, पोस्टरवर तर त्याआधीच.

राहिला प्रकाश. हिचकॉक यांच्या 'सस्पिशन' (१९४१) मध्ये कॅरी ग्रँट आजारी बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन अंधाऱ्या जिन्याने वर चढतो. त्या दुधात विष असावे अशी शंका आपल्याला आलेली असते, आणि पेल्यात चक्क एक छोटा दिवा लपवलेला असल्यामुळे नजर दुधावरून हलत नाही. असला जुलूम आपण करू नये. निळा प्रकाश सगळीकडे सारखा पसरावा. ज्याला जिकडे पाहायचे तिकडे त्याने पाहावे.

एवढे सगळे जमले की आपला चित्रपट लवकरच घरोघरी टीव्हीवर दिसू लागेल. वाड्यात धूर दाटलेला असेल, ढोल टिपेला पोहोचलेले असतील, भूत नायिकेच्या खांद्यावर हात ठेवत असेल, आणि नेमका तेव्हाच घरातला माणूस उठून स्वयंपाकघरात जाईल, कारण गॅसवर दूध ठेवलेले असेल आणि ते कधी वर येईल याचा नेम नसतो. बाहेरून कोणी 'थांबवू का?' असे विचारले, तर पातेल्यावरची नजर न काढता तो म्हणेल, 'नको, चालू दे.'