खोबरेलाची बाटली बघा

समुद्राखालच्या तेलाच्या पाइपांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की गारठ्याने क्रूड, म्हणजे कच्चं तेल, घट्ट होतं म्हणून पाइप तुंबतो, पण ही अर्धीच गोष्ट झाली. आमच्या नाशकात जानेवारीत खोबरेलाची बाटली बघा, आधी कडेकडेने पांढरा थर धरतो न मधलं तेल पातळच असतं, तसंच तिथं, खोल समुद्रात पाणी ४ अंशाच्या आसपास, पाइपाची भिंत आतल्या तेलापेक्षा गार, म्हणून क्रूडमधलं मेण भिंतीलाच धरतं अन् वाट अरुंद होत जाते. मग पिग नावाचा बोळा तेलाच्याच दाबाने ढकलत खरवडून काढतात. त्यात उशीर केला तर खरवडलेलं मेण पुढं साचून पिगच अडकतो, बसा मग बोंबलत! आपल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या क्रूडमध्येही मेण भरपूर, त्यावर एक लिहा की राव.